मराठी लघुसंदेशांतील संक्षेप : परंपरा, घडण आणि उपयोजन

भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश आणि आंतरजालावरील संभाषण यांत वापरल्या जाणाऱ्या संक्षिप्त रूपांविषयी मराठीच्या अध्यापकवर्गात सामान्यतः दोन प्रतिक्रिया आढळतात. भाषा बिघडत चालली आहे, ही पहिली. काळाबरोबर भाषा बदलतेच, ही दुसरी. पहिली चिंतेची, दुसरी उदारमतवादाची; परंतु प्रत्यक्ष रूपांकडे पाहण्याचे कष्ट दोहोंतही घेतलेले नसतात. ही रूपे कोणत्या रीतीने घडतात, वाचणाऱ्याकडून ती कोणती माहिती गृहीत धरतात आणि मराठीच्या जुन्या संक्षेपपद्धतीशी त्यांचे नाते काय, हे प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे. विवेचनाला एक ठिकाण असावे म्हणून अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव आणि तेथील वऱ्हाडी बोलणारा लेखक-वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे.

या गावाचे नावच प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. एकाच जिल्ह्यात दोन चांदूर असल्याने एक 'चांदूर बाजार' झाले आणि दुसरे 'चांदूर रेल्वे'. शेजारच्या धामणगावालाही असेच 'रेल्वे' हे उपपद चिकटले आहे. गावात राहणाऱ्याला या उपपदाची गरज नसते. तो नुसते 'चांदूर' म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही कोणते चांदूर ते कळते. पत्त्यावर मात्र 'मु. पो. ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती' असे लिहावे लागते. म्हणजे गावाचे नाव परक्यासाठी लांबते आणि आपल्यासाठी आखूड होते. पत्त्यातले इतर शब्द मात्र परक्यासाठी लिहितानाही एकेका अक्षरावर येतात, कारण 'मु. पो.' म्हणजे काय हे टपाल हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. संक्षेपाचे मूळ तत्त्व या एका ओळीत दिसते. जे समोरच्याला माहीत आहे असा लिहिणाऱ्याचा विश्वास असतो, तेच तो गाळतो. मजकूर किती लहान झाला यापेक्षा हा विश्वास कोणावर आणि कितपत टाकला आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पत्र, मोडी आणि तार

मराठी पत्रलेखनात संक्षेपाची समृद्ध व्यवस्था होती. वडिलांना 'ती.', त्यानंतर 'शि. सा. न. वि. वि.'; बरोबरीच्या व्यक्तीला 'सा. न. वि. वि.', लहानांना 'चि.' आणि 'अ. उ. आ.', शास्त्र्यांना 'वे. शा. सं.', सामान्य प्रतिष्ठिताला 'रा. रा.', शेवटी 'क. लो. अ.' आणि काही राहून गेले असल्यास 'ता. क.'. यांतील 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे शब्द एकेका अक्षरावर आले, ते शाई वा कागद वाचविण्यासाठी नव्हे. चार पाने भरून पत्र लिहिणाराही मायना संक्षेपातच लिहीत असे. कारण मायन्यातून द्यावयाची गोष्ट नमस्काराचा शब्दार्थ नसून नाते ही होती, आणि नाते सांगण्यास पहिली अक्षरे पुरेशी होती. पत्र वडील वाचणार की धाकटा भाऊ, ते मायन्याच्या पहिल्या दोन-तीन अक्षरांवरूनच कळत असे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. संक्षेपात मूळ शब्दाचा अर्थ झाकला जातो आणि त्यातील समाजव्यवस्था मात्र टिकून राहते. 'सौ.', 'गं. भा.' ही रूपे लिहिताना त्यांतील विवाहस्थितीची विभागणी कोणी मोठ्याने उच्चारीत नव्हते. ती अक्षरांच्या आड निमूटपणे चालू होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये विधवा स्त्रियांच्या नावापूर्वी 'गंगाभागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला. लग्नपत्रिकांत पिढ्यान्‌पिढ्या छापले गेलेले 'गं. भा.' पूर्ण शब्दात उभे राहताच बोचले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. संक्षेप उलगडून पाहणे हा म्हणूनच केवळ परीक्षेतील पाठांतराचा विषय राहत नाही.

दप्तरी लेखनाची गोष्ट किंचित निराळी. मोडी कागदपत्रांत नित्याच्या शब्दाचे आरंभीचे अक्षर लिहून पुढे संक्षेपाची खूण करण्याची रीत होती. ती इतकी रूढ होती, की २०१४ साली युनिकोडमध्ये मोडी लिपीचा समावेश झाला तेव्हा संक्षेपचिन्हाला स्वतंत्र स्थान द्यावे लागले. चांद्रतारखेपूर्वी येणारा 'छ' मोडी वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. येथे संक्षेपामागे कारकुनाचा वेग आहे. नात्याचा प्रश्न नाही.

याच संदर्भात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे, पर्यायाने महानुभावांच्या सकळ लिपीचे, स्मरण होणे स्वाभाविक आहे. आंतरजालावरील तरुणांच्या भाषेला 'सांकेतिक भाषा' म्हणताना या लिपीचा दाखला सहज दिला जातो; पण दोहोंत गल्लत करू नये. सकळ लिपीत एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण ठेवलेला असतो आणि पंथाबाहेरच्याला ग्रंथ वाचता येऊ नये हा तिचा परिणाम असतो. वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा उलगडा करीपर्यंत हे साहित्य बाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ बंद होते. गुप्तलिपी शब्दाची लांबी कमी करीत नाही, ती शब्द लपविते. संक्षेप शब्द लपवीत नाही, तो माहीत असल्याचे गृहीत धरतो. वडीलधाऱ्यांना कळू नये म्हणून मुले काही संक्षेप वापरतात हे खरे. तथापि तो त्यांचा आनुषंगिक उपयोग होय.

पैशासाठी केलेला खरा संक्षेप तारेने आणला. शब्दागणिक आकार असल्याने 'फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली' अशा चार शब्दांत घरची वार्ता बसवावी लागे, तीही इंग्रजीत. या चार शब्दांचा अर्थ लावण्याची एक घरगुती रीत होती. 'सिरियस' हा शब्द वाचून वडीलधारी मंडळी पुष्कळदा काय ते समजून घेत आणि तरीही प्रवासाला निघणाऱ्याला ते स्पष्ट सांगत नसत. तारेतील शब्द थोडे, पण ते वाचण्यासाठी लागणारे सामाजिक ज्ञान मोठे होते. ही सेवा भारतात १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तारायंत्राच्या युगाची आठवण आज रेल्वेच्या स्थानकसंकेतांत उरली आहे. भुसावळ-नागपूर मार्गावरील चांदूरचा संकेत 'सी-एन-डी', धामणगावचा 'डी-एम-एन', बडनेऱ्याचा 'बी-डी'. या तिन्हींत एकही स्वर नाही. नावातील स्वर गाळून व्यंजने ठेवावयाची ही रीत रोमन लिपीची आहे, आणि लघुसंदेशांच्या संदर्भात तिचे महत्त्व पुढे दिसेल.

अक्षर आणि वर्ण

इंग्रजीत संक्षेप करण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक, आद्यवर्ण घेणे. दुसरी, स्वर गाळणे. पहिल्या वाटेने झालेल्या 'ओ-एम-जी' या रूपाचा वापर ॲडमिरल फिशर यांनी १९१७ साली चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळतो, आणि 'ओके' तर १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात अवतरले. तेव्हा इंग्रजीतही ही खोड भ्रमणध्वनीने लावली असे म्हणता येत नाही. ऑक्सफर्डच्या कोशाने 'ओ-एम-जी' आणि 'एल-ओ-एल' यांना २०११ साली स्थान दिले.

देवनागरीत आद्यवर्ण नसतो, आद्य अक्षर असते. अक्षरात स्वर अंतर्भूत असल्याने संक्षेपही उच्चारक्षम राहतो. पुरुषोत्तम लक्ष्मण यांचे 'पु. ल.', गोपाळ नीलकंठ यांचे 'गो. नी.', विष्णू भिकाजी यांचे 'वि. भि.' हे संक्षेप मात्रांसह येतात. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दाण्डेकर किंवा महानुभाव वाङ्मयाचे थोर संशोधक वि. भि. कोलते यांची नावे रोमन आद्याक्षरांत घालून पाहावीत. 'नी' आणि 'भि' यांची ओळख पुसली जाऊन केवळ 'एन' आणि 'बी' उरतात. मराठी संक्षेपात मूळ शब्दाचा अंश अधिक शिल्लक राहतो.

याचा व्याकरणिक परिणाम असा, की मराठी संक्षेप लवकर शब्द बनतो. प्रथम टिंबे जातात, मग अक्षरे जुळतात, आणि शेवटी विभक्तिप्रत्यय लागतात. 'पु. ल.' चे 'पुलं' झाले आणि त्यापुढे 'पुलंचे', 'पुलंनी'. 'शेकाप', 'भाजप', 'मसाप', 'अंनिस' ही नावे याच वाटेने आली. आंतरजालावरील मराठी संक्षेप या परंपरेचे थेट वारस आहेत. १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळाचे 'माबो', २००७ मधील 'मिसळपाव'चे 'मिपा', आणि तेथे वावरणारे 'माबोकर', 'मिपाकर'. 'सोलापूरकर', 'नागपूरकर' या शब्दांतील ग्रामवाचक प्रत्यय संकेतस्थळाला लावताना कोणाला अडखळल्यासारखे झाले नाही.

या मंडळींनी घडविलेली रूपे पाहण्यासारखी आहेत. 'भापो' म्हणजे भावना पोहोचल्या. 'हघ्या' म्हणजे हलके घ्या. 'हहपुवा' म्हणजे हसून हसून पुरेवाट. 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. 'पुभाप्र' म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. 'प्रकाटाआ' म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. 'पुभाप्र' मध्ये 'प्रतीक्षेत' या शब्दाचे 'प्र' हे जोडाक्षर अखंड राहिले आहे, 'प' वर काम भागविलेले नाही. 'हघ्या' मध्ये क्रियापदाचे आज्ञार्थी रूप तर पूर्णच उरले आहे, कारण 'घ्या' मुळातच एकाक्षरी आहे. म्हणूनच हा संक्षेप ऐकणाऱ्यालाही वाक्यासारखा लागतो. उलट 'भापो' मध्ये क्रियापदाचा काळ, लिंग, वचन सर्व गळाले आहे. 'पोहोचली', 'पोहोचल्या', 'पोहोचतील' यांपैकी काय ते संदर्भाने समजावयाचे. 'प्रकाटाआ' हे रूप या सर्वांत मराठीपणाने अव्वल म्हणावे लागेल. कर्मणी प्रयोगातील एक संपूर्ण वाक्य, साहाय्यक क्रियापदासह, चार अक्षरांत आले आहे आणि कर्ता कोण हे सांगण्याचे त्याने सोयीस्करपणे टाळले आहे. कार्यालयीन मराठीची इतकी नेमकी थट्टा क्वचितच साधते.

सत्तर मात्रांचे बंधन

लघुसंदेशाची लांबी कोठून आली, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठविला गेला. भारतात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. एका संदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावत. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला अधिक जागा लागत असल्याने ही मर्यादा ७० वर येई. शिवाय देवनागरीतील मात्रा, हलन्त आणि अक्षराचे प्रत्येक अंग यंत्र स्वतंत्र मोजते. 'प्रतीक्षेत' या शब्दात मराठी वाचकाला चार अक्षरे दिसतात. यंत्राच्या हिशेबी ती दहा चिन्हे असतात. 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत' हे तीन शब्द मधल्या जागांसह पंचवीस चिन्हे व्यापतात, म्हणजे मराठी संदेशाच्या एकतृतीयांशाहून अधिक. 'पुभाप्र' सात चिन्हांत आटोपते.

या हिशेबावरून असे वाटावे की हे संक्षेप जागेच्या टंचाईतून जन्मले. वस्तुस्थिती तशी नाही. जागेची टंचाई असलेल्या लघुसंदेशात मराठी माणसाने देवनागरी संक्षेप फारसे केलेच नाहीत. त्याने लिपीच बदलली आणि मराठी रोमनमध्ये लिहिली. 'पुभाप्र', 'पुलेशु' हे संक्षेप घडले ते संकेतस्थळांवर, जेथे जागेला मर्यादा नव्हती आणि शब्दाला पैसे पडत नव्हते. पुढे २००९ नंतर आलेल्या व्हॉट्सॲपसारख्या साधनांनी लांबीचे बंधन व्यवहारात संपविले, तरी संक्षेप संपले नाहीत. काटकसर हे कारण असते तर कारण गेल्यावर कार्यही जावयास हवे होते. तेव्हा 'पुलेशु' लिहिणारा जागा वाचवीत नाही. आपण या मंडळातले आहोत आणि येथील रीत आपल्याला ठाऊक आहे, हे तो सांगतो. 'सा. न. वि. वि.' लिहिणारा जे करीत होता त्याहून हे फार वेगळे नाही. फरक इतकाच, की मायन्यातून वडीलधाकटेपणा व्यक्त होई आणि येथे सदस्यत्व व्यक्त होते.

रोमन वेशातील मराठी

रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी संदेशांत मात्र निराळ्याच प्रकारचा संक्षेप आढळतो, आणि भाषाभ्यासाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. तरुण मुले 'पण' हा शब्द 'पी-एन' असा लिहितात, 'मग' हा 'एम-जी', 'तर' हा 'टी-आर', 'कर' हा 'के-आर'. इंग्रजीतील 'प्लीज' किंवा 'मेसेज' या शब्दांचे स्वर गाळण्याची रीत येथे उचलली, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु इंग्रजीत कोणताही स्वर गाळला जातो. मराठीत गाळला जाणारा स्वर बहुशः 'अ' असतो. 'काय' लिहिताना 'ए' सहसा जात नाही, 'मी' लिहिताना 'आय' जात नाही. 'पण' आणि 'मग' या शब्दांतला पहिला 'अ' उच्चारात स्पष्ट आहे, पण देवनागरीत त्याला चिन्ह नाही. तो व्यंजनातच असतो. म्हणजे लिपी रोमन झाली तरी लिहिणाऱ्याचा हात देवनागरीच्या सवयीने चालतो, असे अनुमान करता येते. ज्याला आपण लिपीचा ऱ्हास म्हणतो, त्यात देवनागरीचे व्याकरण असे शाबूत राहिले आहे. 'नाही' चे 'एन-एच-आय' हे रूप या नियमाला अपवाद. त्यात 'आ' गेला आहे, आणि त्यामागे हिंदी 'नहीं' चा प्रभाव असावा.

या पद्धतीचा एक परिणाम वाङ्मयीन दृष्ट्याही लक्षात घ्यावा. 'करतोयस' आणि 'करतेयस' ही दोन्ही रूपे 'के-आर-टी-वाय-एस' या पाच वर्णांत सारखीच दिसतात. संबोधित व्यक्ती पुरुष की स्त्री हे मराठी क्रियापद हटकून सांगते. हा संक्षेप ते सांगत नाही. उद्या एखाद्या कादंबरीकाराला निनावी संदेशातून संशय निर्माण करावयाचा असेल, तर एरवी मराठीत अवघड असलेली ही सोय त्याला येथे आयती मिळते. आणि पुढे कोणा लेखकाचा संदेशव्यवहार संपादित करण्याची वेळ आली, तर संपादकाला अशा जागी अन्वयार्थाची टीप द्यावी लागेल.

आता चांदूरच्या वाचकाकडे वळू. वर दिलेल्या 'पुलेशु', 'पुभाप्र' या संक्षेपांची पूर्ण रूपे सर्वस्वी प्रमाण मराठीतील आहेत, किंबहुना ती ग्रांथिक आहेत. एकही रूप वऱ्हाडीत नाही. वऱ्हाडी घरातून आलेल्या विद्यार्थिनीला 'पुलेशु' हा संक्षेप 'एल-ओ-एल' इतकाच बाहेरचा असतो. दोन्ही तिला कोणाकडून तरी समजून घ्यावे लागतात. तिचे स्वतःचे संदेश मात्र वेगळ्या प्रकारे बोलके असतात. 'मले', 'तुले', 'काहून', 'हाव', 'काय करून राह्यली' अशी रूपे त्यांत सहज येतात. यांतील 'करून राह्यली' हे रूप 'करतेयस' पेक्षा लांब आहे, तरी ते टिकते. काटकसरीचे तत्त्व येथेही दुय्यम ठरते. आपल्या माणसाशी आपल्या बोलीत बोलणे हे त्याहून प्रबळ असते.

वऱ्हाडीतील 'ळ' चा 'य' होणे हा ध्वनिविशेष सर्वपरिचित आहे. रोमनमध्ये 'ल' आणि 'ळ' यांना एकच 'एल' असल्याने प्रमाण मराठीचा 'ळ' त्या लिपीत हरवतो. 'काळा', 'काला', 'कळा', 'कला' हे चारही शब्द एकाच वर्णमालिकेत कोंबले जातात. वऱ्हाडी लेखक 'शाळा' ऐवजी 'शाया', 'डोळा' ऐवजी 'डोया', 'जवळ' ऐवजी 'जवय' असे लिहितो, तेव्हा त्याचा 'य' रोमनमध्ये निःसंदिग्धपणे उमटतो. शाळेच्या वहीत ज्या उच्चाराखाली लाल रेघ ओढली जाई, तो उच्चार या लिखाणात निर्वेधपणे येतो. साहित्यात वऱ्हाडी आली ती बहुधा संवादांतून आणि कवितेतून. सामान्य माणसाच्या रोजच्या खासगी लेखनात ती येण्याचा प्रसंग यापूर्वी थोडा होता. पत्र लिहावयाचे तर ते 'पुस्तकी'च लिहावे, असा दंडक होता.

आदराची व्यवस्थाही या लघुलेखनात लोपलेली नाही. 'हाव बे' आणि 'हाव जी' या दोन उत्तरांत मजकूर एकच, पण पहिले बरोबरीच्या मित्राला आणि दुसरे वडीलधाऱ्याला. काकांना चुकून 'बे' गेला तर तो अपमान ठरतो. 'शि. सा. न.' आणि 'अ. उ. आ.' यांनी जे काम केले, ते 'जी' आणि 'बे' ही दोन एकाक्षरी अव्यये करीत आहेत. अध्यापकांना विद्यार्थ्याकडून आलेले 'के' हे एकवर्णी उत्तर खटकते, त्याचे कारण त्यात ही नात्याची खूण नसते; ते इंग्रजी आहे म्हणून नव्हे. 'हाव जी' तेवढेच लहान असूनही खटकत नाही.

अर्थाचा संभ्रम आणि प्रसंगाचे भान

एकच संक्षेप अनेक अर्थांचा असणे नवे नाही. 'ता.' म्हणजे तालुका आणि तारीखही. 'मा.' म्हणजे माननीय की माजी, हा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचणाऱ्याला नेहमीच पडतो, आणि पत्रिका छापणाऱ्यांना हा संभ्रम कधी कधी हवाही असतो. चांदूरच्या स्थानकावर 'टीसी' म्हणजे तिकीट तपासनीस, शाळेच्या कचेरीत 'टीसी' म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि रात्रीच्या संदेशाच्या शेवटी 'टीसी' म्हणजे काळजी घे. यांत गोंधळ होत नाही, कारण स्थळ आणि नाते अर्थ नेमका करतात. गोंधळ होतो तो संदेश आपल्या मंडळाबाहेर गेल्यावर.

याची सर्वांत कठीण कसोटी मृत्युवार्तेच्या वेळी लागते. व्हॉट्सॲपच्या गटावर निधनाची बातमी येताच 'भा. पू. श्र.' अशी अक्षरे एकाखाली एक उमटू लागतात. भावपूर्ण श्रद्धांजली या शब्दांतील भावही गेला आणि श्रद्धाही, अशी टीका त्यावर होते. टीका समजण्यासारखी आहे. तिचे कारण मात्र नीट मांडले पाहिजे. संक्षिप्तता हाच दोष असता तर जुन्या रीतीलाही तो लागला असता. मृत्यूचे पोस्टकार्ड कोपरा फाडून पाठवीत. त्यावर 'श्री' नसे आणि मजकूर दोन ओळींचा असे. तो फाडलेला कोपरा एक अक्षरही न लिहिता सर्व सांगत होता, आणि कार्ड हाती घेणाऱ्याला वाचण्यापूर्वीच सावध करीत होता. त्या खुणेमागे लिहिणाऱ्याचा हात होता. ती त्या एका प्रसंगासाठी राखलेली होती. 'भा. पू. श्र.' मधील अडचण अशी, की तेथे घेतलेली घडण 'पुलेशु'ची आहे. जी रीत मंडळातील खेळकर सदस्यत्व दाखविण्यासाठी रूढ झाली, तीच शोकाच्या जागी वापरली गेल्याने वाचणाऱ्याला ती उपस्थितीच्या नोंदीसारखी वाटते. ज्याच्या घरी मृत्यू झाला तो त्या क्षणी गटाचा सदस्य म्हणून वाचीत नसतो. त्याला चार शब्द पूर्ण हवे असतात. ते प्रमाण भाषेतले असोत वा वऱ्हाडीतले.

उपयोजनाच्या बाबतीत म्हणूनच सरसकट नियम सांगता येत नाही. अर्ज, कार्यालयीन पत्र, अपरिचिताला पाठविलेला पहिला संदेश यांत आंतरजालीय संक्षेप टाळावेत हे उघड आहे. वाचणाऱ्याशी तो परिचय अजून झालेला नसतो. संक्षेप वापरणे आवश्यकच असेल तर प्रथम पूर्ण रूप देऊन पुढे संक्षेप वापरावा. प्रबंधलेखनात हीच शिस्त पाळली जाते. 'संपा.', 'पृ.', 'उ. नि.' ही रूपे विद्यार्थ्याला आपणच शिकवितो. 'उ. नि.' चे 'उपरिनिर्दिष्ट' हे पूर्ण रूप किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सांगता येईल, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. न कळता वापरलेला 'उ. नि.' आणि न कळता वापरलेला 'एल-ओ-एल' यांत तत्त्वतः भेद नाही.

वर्गात या विषयाचा उपयोग पत्रलेखनाच्या घटकात चांगला होऊ शकतो. विद्यार्थ्यांना त्यांचाच एखादा चार ओळींचा संदेश, नावे वगळून, वडिलांना पत्र, प्राचार्यांना अर्ज आणि शब्दागणिक पैसे पडणारी तार अशा तीन रूपांत लिहावयास सांगावा. पत्रात काय नव्याने घालावे लागले, अर्जात काय काढावे लागले, तारेत कोणता शब्द शेवटपर्यंत सोडता आला नाही, हे फळ्यावर मांडले की मजकूर आणि नाते यांचा संबंध व्याख्यानाशिवाय स्पष्ट होतो. वऱ्हाडीत लिहिलेला संदेश प्रमाण मराठीत आणताना 'जी' आणि 'बे' यांचे काय करावे, यावर वर्गात मतभेद होतील. ते होऊ द्यावेत. 'बे' ला प्रमाण मराठीत नेमका प्रतिशब्द मिळत नाही, हे त्या मतभेदातूनच कळते.

या सामग्रीच्या संग्रहाचाही प्रश्न आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, १९३२ पासून निघालेल्या त्याच्या खंडांत, वऱ्हाडी शब्दांपुढे कंसात '(व.)' अशी खूण केलेली असते, संपूर्ण बोलीचा निर्देश एका अक्षराने. त्या खुणेने निदान शब्द कोठला ते कळते. लघुसंदेशांतील रूपांना अशी खूण नाही, आणि यंत्र बदलले की संदेशही पुसले जातात. संग्रह करताना रूप, त्याचा पूर्ण विस्तार, लिपी, वर्ष, गाव आणि लिहिणारा-वाचणारा यांचे नाते या सहा गोष्टी नोंदवाव्यात, व्यक्तींची नावे नोंदवू नयेत. यांतील शेवटची, नात्याची नोंद मिळविणे सर्वांत कठीण जाईल. पण 'हाव जी' ला 'हाव बे' पासून वेगळे करणारी माहिती तीच आहे.